ट्रॉलीमागचा लाल दिवा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावाविषयी, कर्जाविषयी आणि विजेविषयी या मांडवात बोलणे होणारच आहे. मला मात्र कार्यकर्त्यांनी वेगळा विषय दिला. गाडीचे बाहेरचे दिवे आणि त्यांची बटणे घरच्या घरी कशी तपासायची, कशी दुरुस्त करायची, एवढेच सांगायचे. विषय ऐकून काहीजण हसले. म्हणाले, हे मिस्त्रीचे काम, मेळाव्यात कशाला? मेळाव्यात अशासाठी, की ज्या रस्त्यावर हे दिवे लागायला हवेत त्या रस्त्यावर मरणारा माणूस बहुतेक वेळा आपलाच असतो. मागून मोटारसायकलवर येणारा पोरगा शेजारच्या गावचा असतो आणि पुढे अंधारात उभी असलेली ट्रॉलीही आपल्याच शिवारातली असते. दोन्ही बाजूंना शेतकऱ्याचेच घर बसते.

गाडी म्हटली की आपल्याकडे कोणाची जुनी जीप, कोणाचा पिकअप, कोणाची दारातली मोटार आणि कोणाचा ट्रॅक्टर-ट्रॉली. साध्या दिव्यांची विद्या सगळ्यांना एकच आहे, आणि ती अवघड नाही. ज्याने विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून पाहिला आहे, त्याला गाडीचा दिवा कळायला एक दुपार पुरते.

आधी हिशोब

दसरा झाला की वेचणी सुरू होते. दिवस लहान होत जातो. बाया दिवेलागणीपर्यंत वेचतात, मग कापूस भरायचा, मग ट्रॉली रस्त्याला लागायची. कारण जिनिंगच्या दारात सकाळी नंबर लागला पाहिजे. मग माघ-फाल्गुनात कडबा येतो. म्हणजे आपल्या भरलेल्या गाड्या नेमक्या अंधारात चालतात.

आता मोटारसायकलचा हिशोब करा. ताशी ६० किलोमीटरने चाललेली मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काहीतरी काळे आहे हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यात पंचवीस मीटर संपले. पुढे ब्रेक लागून गाडी थांबायला कोरड्या डांबरावर आणखी वीस-पंचवीस मीटर. म्हणजे पन्नास मीटरचा मामला झाला. आणि चिखलाने माखलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली डिपरच्या उजेडात तीस-चाळीस मीटरवर दिसली तरी नशीब समजायचे. समोरून एखादा ट्रक डोळ्यांवर उजेड मारत येत असेल तर तेवढेही नाही. हिशोब जमत नाही. चालवणारा कितीही हुशार असला तरी जमत नाही. तो जमवायचा एकच उपाय आहे, पुढच्या गाडीने आपण इथे आहोत हे लांबून सांगायचे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हेच सांगतात. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लागलेले पाहिजेत आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. १५५ मीटरला ६० च्या वेगाने नऊ सेकंद लागतात. नऊ सेकंदात माणूस वाचतो.

दुसरीही गोष्ट ध्यानात ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर जुन्या ३०४-अ कलमात दोन वर्षांपर्यंत कैद होती. नव्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत आहे. अपघाताचा दावा उभा राहिला की ट्रॉलीला दिवे होते का, हा प्रश्न वकील विचारतोच. वीस-तीस रुपयांच्या बल्बासाठी कोणी तुरुंग आणि जन्माचा शोक ओढवून घेऊ नये.

वीज परत यावी लागते

आता मुद्द्यावर येतो. दिवा लागला नाही की आपण काय करतो? बल्ब बदलतो. तरी लागला नाही की म्हणतो, वायरिंग गेले, सीझन झाल्यावर पाहू. आणि तो सीझन कधी संपत नाही. प्रत्यक्षात बल्ब पुष्कळदा चांगला असतो, पुढून येणारी वायरही चांगली असते. तुटलेला असतो तो परतीचा रस्ता.

पाणी विहिरीतून शेतात गेले की काम झाले, ते परत विहिरीत यावे लागत नाही. विजेचे तसे नाही. बॅटरीच्या प्लसमधून निघालेली वीज दिव्यातून जाऊन बॅटरीच्या मायनसला परत पोचली तरच दिवा लागतो. गाडीत जायला वायर असते. परत यायला बहुतेक ठिकाणी गाडीचे लोखंडच वापरलेले असते. यालाच आपण अर्थ किंवा बॉडी म्हणतो. दिव्याच्या होल्डरला गंज चढला, नटाखाली रंगाचा थर बसला, की परतीचा रस्ता बंद. बल्ब शाबूत, वायर शाबूत, आणि दिवा मेलेला.

याची एक खूण सांगतो. ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा नीट न लागता त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिण करू लागतो, किंवा इंडिकेटर दिला की टेललाईटच फडफडते. लोक म्हणतात वायरी एकमेकांना चिकटल्या. तसे असूही शकते, पण आधी अर्थ पाहा. विजेला सरळ परत जाता येत नाही म्हणून ती शेजारच्या बल्बातून वाट काढते. आपल्या धुऱ्यावर पाणी अडले की शेजाऱ्याच्या वावरातून फुटते, तसेच.

हत्यारे

हत्यारे थोडी लागतात. एक पेचकस, दहा-बारा-तेराचे पाने, बारीक पॉलिश पेपर, काळी टेप, थोडे व्हॅसलीन, दोन-चार जादा बल्ब आणि फ्यूज. आणि सगळ्यात मोठे हत्यार म्हणजे टेस्टलॅम्प.

टेस्टलॅम्प घरी करा. बारा व्होल्टचा, २१ वॅटचा साधा बल्ब आणि त्याचा होल्डर घ्या. त्याला दोन लांब वायरी जोडा. एकीच्या टोकाला चिमटा लावा, दुसरीच्या टोकाला खिळा. झाला टेस्टलॅम्प. आधी तो बॅटरीच्या दोन टोकांना लावून पाहा, लागला पाहिजे. घरातला लाईनचा टेस्टर, ज्याच्या पोटात लहान दिवा असतो, तो इथे चालत नाही. बारा व्होल्टवर तो पेटतच नाही. आणि हा टेस्टलॅम्प चुकूनही विहिरीवरच्या पेटीला लावू नका.

बल्ब २१ वॅटचाच का? कारण गंजलेल्या सांध्यातून पाच वॅटच्या लहान बल्बाला पुरेल एवढी वीज जाते आणि तो लागतो. आपल्याला वाटते सांधा चांगला आहे. जड बल्ब लावला की कमकुवत सांधा उघडा पडतो. बैल जुंपल्याशिवाय जोखड मोडके आहे हे कळत नाही.

काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी लावा, चाकाला ओंडका लावा, बोटातली अंगठी काढून ठेवा, बॅटरीजवळ बिडी पेटवू नका. दिवा तपासताना बॅटरी जोडलेली लागते. पण वायर कापायची किंवा बटण उघडायचे असेल तेव्हा बॅटरी सोडा. सोडताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, मायनस शेवटी. कारण मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना लोखंडी अंगाला लागला, तर ठिणगी नाही, भडका होतो.

तपासायचा क्रम

क्रम चुकवायचा नाही. पहिले बल्ब. काढून उजेडात धरा. आतली तार तुटली आहे का, काच काळी पडली आहे का पाहा. शंका असेल तर बॅटरीवर लावून पाहा. मागच्या दिव्यात बहुधा दोन तारांचा बल्ब असतो, टेलसाठी ५ वॅट आणि ब्रेकसाठी २१ वॅट. त्याच्या अंगावरच्या दोन पिना वरखाली असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. जबरदस्तीने उलटा बसवला तर टेलच्या जागी ब्रेकचा भपका लागतो, आणि ब्रेक दाबल्यावर मागच्याला काही कळत नाही. इंडिकेटरचा बल्ब एका तारेचा, २१ वॅटचा.

दुसरे, फ्यूज. पात्याच्या फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेला असतो. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जेवढ्याचा काढला तेवढ्याचाच घाला. पुन्हा उडाला तर मोठा घालू नका. वायर कुठेतरी सोलली आहे असे तो सांगतो आहे. बोनेटखाली आणि सीटखाली उंदराने कुरतडलेली वायर आधी शोधा.

तिसरे, पुढून वीज येते का. स्विच चालू करा, टेस्टलॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावा आणि खिळा होल्डरच्या आतल्या टोकाला टेकवा. लागला, तर वीज येते. नाही लागला, तर दोष मागे, वायरीत किंवा स्विचात.

चौथे, परतीचा रस्ता. चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि खिळा होल्डरच्या लोखंडी अंगाला. लख्ख लागला तर अर्थ चांगला. मंद लागला किंवा लागलाच नाही, तर दोष सापडला. होल्डरचा नट सोडा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत करा, नट घट्ट आवळा, वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. होल्डरच पार सडला असेल तर नवा घाला. गंजक्या होल्डरवर दिवस घालवू नका.

या चार पायऱ्यांत दिव्याचे बरेचसे दोष सापडतात. एक दिवा तपासायला दहा मिनिटे लागतात.

दिवा उघडला आहे तर काचेखालचे रबर पाहा. ते फाटले असेल तर पाणी आत जाते आणि पुन्हा गंज. दिव्याच्या तळाला पाणी निघायला बारीक भोक असते, ते चिखलाने बुजलेले असेल तर मोकळे करा. आणि मागची लाल काच फुटली असेल तर तसेच चालवू नका. आतला पांढरा बल्ब उघडा दिसतो, आणि मागून येणाऱ्याला वाटते समोरून मोटारसायकल येते आहे. खोटा दिवा हा नसलेल्या दिव्याहून वाईट.

बटणांचे काम

आता स्विच. ब्रेकच्या दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत पायडलापाशी असतो. त्याला दोन वायरी येतात. ब्रेकचा दिवा लागत नसेल तर त्या दोन वायरी काढून एकमेकींना टेकवा. दिवा लागला तर स्विच गेला किंवा सरकला. पुष्कळदा तो फक्त सरकलेला असतो. नट सैल करून पुढे-मागे बसवला की काम होते. पायडल सोडले तरी ब्रेकलाईट लागूनच राहते, तेव्हाही हीच जागा पाहा. जुन्या जिपांमध्ये हा स्विच ब्रेकच्या तेलाच्या नळीवर असतो. तो स्वतः उघडू नका, नळीत हवा शिरली तर ब्रेकच जातील. ट्रॅक्टरवर ब्रेकची दोन्ही पायडले रस्त्यावर कडीने जोडलेली असलीच पाहिजेत. आणि स्विच एकाच पायडलाला असेल तर दुसरे दाबून मागे दिवा लागत नाही, हेही ध्यानात ठेवा.

इंडिकेटर मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा लुकलुकला पाहिजे. एकाच बाजूला घाईघाईने टिकटिक करू लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला किंवा त्याचा अर्थ गेला. दोन्ही बाजूंना नुसता लागून राहिला किंवा लागतच नसेल तर आधी फ्यूज, मग फ्लॅशर. फ्लॅशर म्हणजे डॅशबोर्डाखालची लहान डबी. ओढली की निघते, तशीच दुसरी घालायची. साध्या बल्बांच्या जागी एलईडीचे इंडिकेटर लावले तरी जुना फ्लॅशर घाई करतो, कारण त्याला पुरेशी वीज जाताना दिसत नाही. तेव्हा फ्लॅशरही एलईडीचा घ्यावा.

हेडलाईटचा स्विच गरम होतो, त्याचा वास येतो, प्लॅस्टिक वितळते. का? दोन हेडलाईट मिळून १२० वॅट म्हणजे दहा अँपिअर वीज जाते. सगळी त्या लहानशा बटणातून नेली तर ते जळणारच. विहिरीवरच्या मोटारीची वीज आपण बोटाखालच्या बटणातून नेतो का? नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला हुकूम देते आणि मोटारीची वीज जाड कॉन्टॅक्टमधून जाते. गाडीत हेच काम रिले करतो. चार टोकांचा रिले मिळतो, टोकांवर आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीची वायर फ्यूजमधून आणायची, ८७ वरून दिव्याला न्यायची, ८५ आणि ८६ या कॉइलच्या दोन टोकांपैकी एक जुन्या बटणाच्या वायरीला आणि एक अर्थला. हायबीमला एक, डिपरला एक, असे दोन रिले बसवले की बटण वाचते आणि उजेडही वाढतो.

उजेड का वाढतो? लांब आणि बारीक पाइपातून पाण्याचा दाब कमी होतो, तसा लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडते. बल्बाचे गणित कडक असते. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. म्हणून पिवळा पडलेला हेडलाईट पाहून मोठा बल्ब घेऊ नका. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा घातला तर डिपरची वीज एका दिव्याला साडेचार अँपिअरवरून साडेसातवर जाते. होल्डर वितळतो, वायर तापते. आधी वायर आणि अर्थ सुधारा, जुन्याच बल्बात उजेड सापडेल. हॅलोजनचा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलाने तेवढीच जागा तापते आणि बल्ब लवकर जातो.

दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार

आपला उजेड दुसऱ्याला आंधळा करणारा नसावा. गाडी भिंतीपासून दहा मीटरवर सपाट जागी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडा. जीप-पिकअपच्या डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या दहा-बारा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. दिव्यामागच्या किंवा बाजूच्या स्क्रूने ती खालीवर होते. मागे माल भरला की गाडीचे नाक वर उचलते आणि डिपर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून भरलेल्या गाडीवर एकदा पाहा. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर शून्य-एक-दोन-तीन असे चाक असते, ते शोभेला नाही. गाडी रिकामी असेल तर शून्य, माल वाढेल तसा आकडा वाढवायचा. आणि हॅलोजनसाठी केलेल्या दिव्यात बाजारातला एलईडीचा पांढरा बल्ब खुपसू नका. त्याचा उजेड जिथे पडायचा तिथे पडत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत पसरतो.

ट्रॉलीचे वेगळे दुखणे

आता सगळ्यात महत्त्वाचे, ट्रॉली. ट्रॉलीच्या दिव्यांची वीज परत येते कुठून? पुष्कळ ठिकाणी अर्थची वायरच नसते. ती हूकमधून, पिनेतून, गंज आणि ग्रीसमधून यावी अशी आपली अपेक्षा असते. ट्रॉली हलली की दिवा लागतो, थांबली की विझतो. म्हणून ट्रॉलीला अर्थची स्वतंत्र वायर न्या, ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मायनसपासून थेट मागच्या दिव्यापर्यंत. बाकीच्या वायरी दीड चौरस मिलिमीटरच्या आणि अर्थची अडीचची, सगळ्या बहुतारी घ्या. घरातली एकेरी तारेची वायर धक्क्याने आत तुटते आणि वरून कळत नाही.

ट्रॅक्टरला सात पिनांचे सॉकेट असेल तर आकडे पाहा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत एक म्हणजे डावा इंडिकेटर, तीन अर्थ, चार उजवा इंडिकेटर, पाच उजवा टेल, सहा ब्रेक आणि सात डावा टेल. पण आधी कोणी हात घातलेला असू शकतो, म्हणून जोडण्याआधी प्रत्येक पिनेवर टेस्टलॅम्प लावून खात्री करा.

यापुढचे कापसासाठी मुद्दाम सांगतो. ट्रॉलीला जाणाऱ्या वायरीला १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच घाला, आणि तो जळाला तर त्याला सिगारेटची चांदी गुंडाळू नका. ट्रॉलीचे सगळे साधे दिवे एकदम लागले तरी आठ अँपिअरपेक्षा जास्त जात नाहीत. जास्त गेली याचा अर्थ वायर कुठेतरी लोखंडाला लागली. फ्यूज नसेल तर ती वायर लाल होते, आणि वर आपला वर्षाचा कापूस असतो. कापसाला ठिणगी पुरते, कडब्यालाही पुरते. म्हणून वायर ट्रॉलीच्या आतून नेऊ नका. चेसिसच्या खालून, रबरी नळीत घालून, जागोजाग बांधून न्या.

दुसरे दुखणे असे, की दिवे चांगले असले तरी कापसाची पोटे आणि कडब्याच्या पेंढ्या बाहेर लोंबतात आणि दिवे झाकून टाकतात. यावर साधी युक्ती आहे. ट्रॉलीच्या रुंदीएवढी लाकडी फळी घ्या. तिच्या दोन टोकांना दोन लाल दिवे, दोन इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर बसवा. वायर आणि प्लग जोडा. माल भरून झाला की ही फळी सगळ्यात मागे, मालाच्या बाहेर, दोन आकड्यांनी टांगा. शेतात काम करताना काढून घरात ठेवा, म्हणजे फुटत नाही. फळीवर एलईडीचे दिवे लावले तर चांगलेच. ते हादऱ्याने लवकर जात नाहीत आणि वीज कमी खातात.

वीज केव्हाही दगा देऊ शकते. म्हणून वीज न लागणारा दिवाही हवा. रिफ्लेक्टरची पट्टी मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी लावा. आधी चिखल धुऊन, कोरडी करून, मग चिकटवा. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांनी बैलगाडीच्या मागच्या फळीवर आणि दोन्ही बाजूंना हीच पट्टी लावावी. हमरस्त्यावर बैलगाडी सगळ्यात सावकाश चालते, आणि तिला दुसरा दिवा नाही.

गाडी रस्त्यात बंद पडली तर डांबर सोडून बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, पन्नास पावले मागे लाल त्रिकोण ठेवा. दगड मांडू नका. आपली गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. मध्यरात्री येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते काढायला कोण येणार?

कुठे हात घालू नये

घरी करायचे याचा अर्थ सगळेच घरी करायचे असा नाही. नव्या मोटारीत आणि पिकअपमध्ये स्टिअरिंगच्या चाकात एअरबॅग असते. इंडिकेटरचे बटण बदलायला ते चाक उघडू नका, जाणत्या मिस्त्रीकडे जा. ज्या गाडीचे दिवे संगणकावरून चालतात तिच्या वायरीत टेस्टलॅम्पचा खिळा टोचू नका. बल्ब, फ्यूज आणि स्वच्छता यापलीकडे जाऊ नका. एलईडीचा सीलबंद दिवा गेला तर तो अख्खाच बदलावा लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी कागद वाचा. मिस्त्रीकडे गेलात तरी आता रिकाम्या डोक्याने जाऊ नका. "दिवे पाहा" असे न सांगता "डाव्या मागच्या दिव्याला पुढून वीज येते, अर्थ मिळत नाही" असे सांगा. त्याचा वेळ वाचतो आणि नको ते सामान आपल्या बिलात येत नाही.

काय करायचे

भावांनो, हे भाषण ऐकून घरी जाऊन विसरायचे नाही. दोन गोष्टी ठरवू. पहिली, प्रत्येक गावाच्या शाखेत एक टेस्टलॅम्प, दहा बल्ब, दहा फ्यूज आणि रिफ्लेक्टर पट्टीचे एक बंडल ठेवू. वर्गणी काढली तर माणशी चहाच्या पैशात होते. गावातल्या दोन पोरांना हे काम शिकवू, आणि पोरींना नाही शिकवायचे असे कुठे लिहिलेले नाही.

दुसरी, दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला, जीपला, अवजारांना हार घालतो. यापुढे हार घालायच्या आधी दिवे तपासायचे. पोळ्याला बैलाचे खांदे शेकतो ते शोभेसाठी नव्हे, पुढे काम आहे म्हणून. तसेच हे. आणि हंगामात दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, एकाने पायडल दाबायचे, बटणे लावायची आणि एकाने मागे उभे राहून सांगायचे: टेल लागला, ब्रेक लागला, डावा लागला, उजवा लागला.

मायबहिणींनो, हे मागे उभे राहून सांगण्याचे काम तुम्ही हातात घ्या. वेचणी करून तुम्ही त्याच रस्त्याने परत येता आणि तुमचीच माणसे त्या गाड्या चालवतात. दिवा लागत नसेल तर गाडी अंगणातून निघू द्यायची नाही, एवढा हक्क घरच्या बाईने बजावला तर कोणाची बिशाद आहे गाडी काढायची?

मांडवाच्या मागच्या बाजूला आज पुष्कळ ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या आहेत. सभा संपेल तेव्हा अंधार पडलेला असेल. टेबलाजवळ टेस्टलॅम्प, बल्ब आणि लाल पट्टी ठेवली आहे. ज्यांच्या ट्रॉलीमागे दिवा नाही त्यांनी पट्टी लावून घ्यावी, ज्यांचा दिवा लागत नाही त्यांनी तिथे येऊन तपासून घ्यावा. थोडा उशीर होईल. होऊ द्या. घरी सगळे पोचले पाहिजेत.